श्वासाशी भांडण

दत्ताला मुखं तीन, हे मला कळायला लागल्यापासून ठाऊक आहे. पण त्या गुरुवारी बडोद्यातल्या आमच्या तरसालीच्या मंदिरात आरतीला उभी राहिले तेव्हा मला सहा दिसली. पायाशी चार कुत्री असतात ती आठ झाली आणि मागे गाय जोडीने उभी. एक डोळा झाकला की सगळं जागच्या जागी येई, दोन्ही उघडले की पुन्हा दुप्पट. क्षणभर वाटलं, इतक्या वर्षांच्या सेवेचं फळ म्हणून देवाने काही खास दर्शन दिलं असावं. मग शेजारच्या बाईंकडे पाहिलं, तर त्याही दोन होत्या, आणि त्यांच्या बाबतीत तसं मानायला माझं मन तयार होईना.

माझं वय पन्नाशीच्या जरा पुढे. हे रेल्वेतून निवृत्त झालेले. मी गोरव्याला एका इंजिनीअरिंग कंपनीच्या ऑफिसात होते, ती नोकरीही आता सोडलेली. एकुलती मुलगी मुक्ता लग्न होऊन भरूचला गेलेली. देवाने मला रूप बेताचं दिलं, पण आवाज मोठा दिला. मंदिरात आरती कोणी उचलायची हे कधी कोणी ठरवलं नव्हतं, ती मीच उचलायची. बायकांचं भजनी मंडळही माझ्याच आवाजावर चालायचं. त्यामुळे माझ्या शरीरात काही बिघडलंय हे सगळ्यात आधी भजनातल्या बायकांना कळलं, आणि त्यांनी त्याचा भलताच अर्थ लावला. भजनाला बसले की माझ्या पापण्या आपोआप खाली येत. मी त्या वर ओढायचा प्रयत्न करी आणि त्या पुन्हा मिटत. एकीने दुसरीला हळूच सांगितलं की हल्ली ह्यांची समाधी लागते. एका गुरुवारी तर नव्याने यायला लागलेल्या एका सुनेने वाकून माझ्या पायांना हात लावला. मी तिला अडवलं नाही. खरं सांगायचं तर बोलायला तोंडात जोरच नव्हता.

पुढे एकेक गोष्ट जायला लागली. भाकरीचे चार घास चावले की जबडा थकायचा. बोलता बोलता आवाज नाकात शिरायचा. भाचीच्या साखरपुड्याचे फोटो आले, त्यात सगळे हसत होते आणि मी नवऱ्या मुलाच्या आईला चावायच्या बेतात असल्यासारखी नुसती दात दाखवून उभी होते. मी हसतच होते, पण गाल वर जायलाच तयार नव्हते. संध्याकाळ झाली की मान धरवेना, म्हणून हनुवटीखाली हात लावून बसायची सवय लागली. कोणी म्हणे मानेचा मणका, कोणी म्हणे पाळी जातानाचा त्रास, कोणी म्हणे मुलगी सासरी गेल्याचं मनाला लागलंय. चष्मा दोनदा बदलून झाला. आणि एका आरतीत, ऐन मध्यावर, माझा आवाज नळाचं पाणी जावं तसा गेला. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. बाकीच्या बायका गोंधळून थांबल्या, मग कशीबशी आरती पुरी झाली. त्या दिवशी घरी येऊन मी देवघरासमोर बसले आणि पहिल्यांदाच दत्ताशी कडक बोलले. म्हटलं, माझ्याजवळ तुझ्या कामाची एकच वस्तू होती, नेमकी तीच का नेलीस? पाय नेला असतास तर बसून म्हटलं असतं. त्याने उत्तर दिलं नाही. तो कधीच देत नाही, पण त्या दिवशी ते मला फार बोचलं.

शेवटी मुक्ता भरूचहून आली आणि मला मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर वयाने तरुण, बोलायला मोकळे. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मला वर बघत राहायला सांगितलं, आणि माझी डावी पापणी शटर पडावं तशी हळूहळू खाली येताना पाहून त्यांचे डोळे चमकले. म्हणाले, थोडा बर्फ हवा. दवाखान्यातला फ्रीज नेमका बंद पडला होता. हे खाली गेले आणि रस्त्यावरच्या बर्फगोळावाल्याच्या, आमच्याकडे लारी म्हणतात त्या हातगाडीवरून पिशवीत बर्फ घेऊन आले. गोळावाल्याने ह्यांना विचारलं होतं, कालाखट्टा घालू की ऑरेंज. हे म्हणाले, बायकोच्या डोळ्यावर ठेवायचाय, साधाच दे. तो बर्फ डॉक्टरांनी माझ्या मिटल्या पापणीवर थोडा वेळ धरला, मग काढला, आणि पापणी उघडली. आपली आपण, पूर्वीसारखी उघडली. मुक्ताच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टर इतके खूश दिसत होते की मलाच त्यांचं अभिनंदन करावंसं वाटलं.

रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि नाव कळलं: मायस्थेनिया ग्रॅव्हिस. शरीराचं रक्षण करणारी जी व्यवस्था असते तीच उलटते आणि मेंदूने स्नायूंना पाठवलेला हुकूम मधल्या मधे अडवते, असं डॉक्टरांनी सांगितलं. आमचे पूर्वज बडोदे संस्थानच्या फौजेत शिपाई होते. फौज फितूर झाली की काय होतं, हे आमच्या घरात वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मी डॉक्टरांना तसं म्हटलं. ते हसले आणि म्हणाले, "मग आपण फौजेला जरा थंड करू. पण मासी, ह्या आजारात मध्येच चढउतार होतात. गिळायला किंवा श्वासाला त्रास वाटला तर घरी बसायचं नाही."

गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या गोळीने अर्ध्या-पाऊण तासात माझा चेहरा मला परत दिला, आणि पुढच्या काही तासांत तो परत नेला. दिवस असा हप्त्याहप्त्याने मिळायला लागला. जेवण गोळीच्या वेळेला बांधलेलं. ह्यांनी रेल्वेतली सगळी शिस्त माझ्या गोळ्यांवर लावली. मोबाइलचा गजर वाजला की हातात पाणी घेऊन दारात उभे. शिवाय स्टिरॉइडही सुरू झालं, त्याने तोंड पौर्णिमेसारखं गोल झालं आणि भूक अशी की स्वयंपाक होईपर्यंत मी कणकेकडेच बघत बसायची. भजनाच्या बायका बघायला आल्या आणि म्हणाल्या, तब्येत सुधारली की. मी म्हटलं, हो, आजाराची सुधारलीये. हे सगळं मी हसण्यावारी नेत होते आणि ते खोटं नव्हतं. आपण बऱ्या होणार असं मला आतून वाटत होतं. फक्त देवाशी माझा अबोला चालू होता. मी गुरुवार करत होते, फूल वाहत होते, पण एखाद्या नातेवाइकाकडे रीत म्हणून जावं तशी.

मग घसा धरला, बारीक ताप आला, आणि दोन दिवसांत तब्येत घसरली. पाणी प्यायले की नाकातून बाहेर यायचं. सकाळीच आम्ही डॉक्टरांकडे गेलो. ओपीडीत गर्दी होती. हे नंबर लावायला खिडकीवर गेले आणि मी बाकावर हनुवटीला हात लावून बसले. शेजारी एक बाई येऊन बसल्या. माझ्याहून थोड्या मोठ्या, सुती साडी, खांद्यावर कापडी पिशवी, जरा त्रासलेल्या. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं, आणि गुजरातीत म्हणाल्या, "बेन, आम हडपची पकडीने बेठा छो. सवारे सारुं ने सांजे वधे, बराबर?"

अशी हनुवटी धरून बसलात, सकाळी बरं आणि संध्याकाळी वाढतं, बरोबर ना? मी मान हलवली, म्हणजे हाताने हलवली. त्या एकदम मोकळ्या झाल्या. आपण बडोद्याजवळच्या पादरा गावातल्या प्राथमिक शाळेत शिकवतो, आपल्यालाही हेच झालं होतं, आपणही अशीच हनुवटी धरून मुलांना पाढे शिकवले, असं सांगायला लागल्या. आपल्याला श्वासाच्या मशीनवर ठेवलं होतं, पुढे छातीतली एक ग्रंथी काढली, आता आपण शाळेचा जिना चढून जातो. हे सगळं त्यांनी शेजारणीला लोणच्याची कृती सांगावी इतक्या सहज सांगितलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "एक वात याद राखजो. मशीन साथे झगडता नहीं. ए आपे, ने तमारे लेवानुं." मशीनशी भांडायचं नाही. ते देईल, आपण घ्यायचं.

मला ते आवडलं नाही. बरं होण्याच्या वाटेवर असलेल्या बाईला कोणी मशीनच्या गोष्टी सांगतं का? मी अडखळत म्हटलं की मला फक्त गोळ्या आहेत. त्या म्हणाल्या, "तो तो सारुं. पण याद राखजो." मग तर बरंच, पण लक्षात ठेवा. तेवढ्यात माझं नाव पुकारलं गेलं. आत डॉक्टरांनी मला एका श्वासात आकडे मोजायला सांगितले. एका दमात आरतीची लांबच लांब ओळ म्हणणारी मी वीसच्या आत अडकले. त्यांनी मला घरी जाऊ दिलं नाही. चाकांच्या खुर्चीवरून वॉर्डात नेताना मी बाकाकडे पाहिलं. त्या बाई गेल्या होत्या. नावही विचारलं नव्हतं.

पुढच्या दोन दिवसांत श्वास आखडत गेला. दम लागून धापा टाकाव्यात तसं ते नसतं. छातीला जोरच राहत नाही, आणि तुम्ही शांतपणे, सगळं समजत असताना, कमी कमी होत जाता. सकाळच्या फेरीला डॉक्टर आले, माझ्या उशाशी वाकून म्हणाले की आता स्नायूंना विश्रांती द्यायला हवी, नळी घालून मशीन लावतो, हे कायमचं नाही. ह्यांचा हात माझ्या हातात होता. मी डोळ्यांनी हो म्हटलं.

गुंगी उतरली तेव्हा अतिदक्षता विभागात उजेड होता. घशात नळी, हात सैल बांधलेले, आणि छातीवर कोणी परकं माणूस बसल्यासारखं वाटत होतं. मी श्वास बाहेर टाकायला जावं आणि मशीनने आत ढकलावा. मी आत ओढावा आणि त्याची वेळ झालेली नसावी. दोघांची झटापट. मशीन टीं टीं ओरडायचं, छाती फुटेल असं व्हायचं. केरळची एक सिस्टर होती, ती माझ्या कपाळावर हात ठेवून हिंदीत परत परत सांगायची, आंटी, ढीला छोडो. तिचं बरोबर होतं, पण ढिलं सोडायचं म्हणजे काय करायचं ते मला कळत नव्हतं. बुडणाऱ्या माणसाला ढिलं सोड म्हटलं तर तो कसं सोडेल? मी आणखी जोर करायची, मशीन आणखी ओरडायचं. पुन्हा गुंगीचं औषध द्यावं लागेल, असं कोणी तरी म्हणालं.

आणि तेव्हा ते वाक्य आठवलं. ए आपे, ने तमारे लेवानुं. त्या बाईंच्याच आवाजात, त्याच साधेपणाने. आजही मला नीट सांगता येत नाही, पण त्या वाक्याबरोबर एक गोष्ट लख्ख दिसली. मी जन्मभर देवाला देत आले होते. फुलं दिली, नैवेद्य दिला, गुरुवारचे उपास दिले, आवाज दिला. आणि त्या आवाजाचा हिशेब मागायला भांडायलाही गेले होते. पण घ्यायचं कसं असतं ते मला आलंच नव्हतं. दत्त तर स्वतः झोळी घेऊन दारोदार फिरणारा देव. घेण्यात त्याला कधी कमीपणा वाटला नाही. मी त्याची इतक्या वर्षांची भक्त, आणि एक साधा श्वास मला घेता येईना, कारण तो माझ्या मनाप्रमाणे यायला हवा होता. माझ्याजवळ त्या वेळी हात नव्हते, आवाज नव्हता, अश्रू पुसायची सोय नव्हती. मी मनात एवढंच म्हटलं, दे.

मशीनने हवा दिली. मी अडवलं नाही. ती आत आली, छाती वर गेली, आपली आपण खाली आली. मग पुढची आली. मी तिच्यावर दत्ताचं नाव ठेवून दिलं: येताना नाव, जाताना नाव. थोड्या वेळाने ओरडणं थांबलेलं लक्षात आलं. सिस्टर वाकून बघत होती. म्हणाली, "व्हेरी गुड आंटी. अब ठीक है." मला झोप लागली. पुष्कळ दिवसांनी लागलेली खरी झोप होती ती.

त्या दिवसांत ह्यांच्याशी बोलायची एकच रीत होती. मी त्यांच्या तळव्यावर बोटाने अक्षरं काढायची. पहिल्याच दिवशी मी ‘चष्मा’ असं लिहिलं. त्यांनी ते ‘चहा’ असं वाचलं. बिचारे तोंड फिरवून रडायलाच लागले, की हिला चहा हवाय आणि मला देता येत नाही. मी पुन्हा लिहिलं. ते म्हणाले, हो गं, देतील, बरी झालीस की आलं घालून देईन. मी मनातल्या मनात इतकी हसले की मशीनने एक आवाज काढलाच.

मग माझ्या रक्तातलं पिवळसर पाणी यंत्रातून काढून त्या जागी दुसऱ्यांनी दान केलेलं घालायचा उपचार झाला. हे म्हणाले, इंजिन शेडमध्ये घेतलंय, तेलपाणी बदलून निघेल. कोणाकोणाचं होतं ते, मला माहीत नाही. माझ्या नसांतून तेव्हा कोणकोणती घरं वाहत होती, कोणकोणते धर्म, ते देव जाणे. मी डोळे मिटून प्रत्येक पिशवीला नमस्कार करत होते. एके सकाळी हाताची मूठ घट्ट वळली. मग मान उचलली गेली. डॉक्टरांनी मशीनचा आधार थोडा थोडा कमी केला आणि एक दिवस नळी काढली. हे आणि मुक्ता दोन बाजूंना उभे होते. पहिला शब्द काय निघतो म्हणून दोघं कान देऊन होते. बहुधा देवाचं नाव निघेल असं त्यांना वाटलं असावं. मी घोगऱ्या आवाजात म्हटलं, "माझा चष्मा."

घरी आल्यावर त्या बाईंना शोधावं असं फार वाटे. पण पादरा आणि शाळा, एवढ्यावर कोण सांगणार? शेवटी शोधायची वेळच आली नाही. पुढच्या एका तपासणीला गेले तर त्या ओपीडीत समोरच बसलेल्या. नाव रमिलाबेन. मी त्यांचे दोन्ही हात धरले आणि त्या दिवसापासूनचं सगळं सांगितलं. मशीन, भांडण, त्यांचं वाक्य, सगळं. त्या ऐकत गेल्या, आणि मग हसायला लागल्या. म्हणाल्या, त्या दिवशी आपली तारीखच नव्हती. आठवड्याची चूक झाली होती. पादऱ्याहून बस बदलून आल्या, खिडकीवर सांगितलं की पुढच्या आठवड्यात या. वैताग आला, पाय दुखत होते, म्हणून बसची वेळ होईपर्यंत बाकावर टेकल्या. फुकट फेरा झाला म्हणून नवऱ्याने घरी आठवडाभर चिडवलं.

मी त्यांचे हात आणखी घट्ट धरले. त्या थोड्या संकोचल्या. म्हणाल्या, "मारी तो भूल हती, बेन."

मी त्यांना काही पटवून द्यायला गेले नाही. चूक त्यांचीच होती, यात शंका नाही. तारखेची चूक कोणाचीही होते. मला फक्त एवढं माहीत आहे की ती चूक माझ्या शेजारी येऊन बसली होती. घरी जाऊन मी देवघरात दिवा लावला आणि अबोला सोडला. काही विचारलं नाही. नुसतं म्हटलं, आले.

रमिलाबेनसारखी माझ्याही छातीतली ग्रंथी काढायचं ऑपरेशन मग तब्येत सावरल्यावर ठरलं; फौजेला तीच चिथावते, असं डॉक्टर म्हणाले. मुक्ता घाबरलेली, हे वरून शांत. मी मात्र आश्चर्य वाटावं इतकी निवांत होते. ऑपरेशन म्हणजे पुन्हा गुंगी, पुन्हा नळी, पुन्हा मशीन, हे सगळं माहीत होतं. पण ती वाट आता ओळखीची झाली होती. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी रमिलाबेनचा फोन आला. शाळेत निघायच्या घाईत होत्या. त्यांनी धीर वगैरे दिला नाही. ऑपरेशननंतर खोकताना छातीशी उशी धरायची, एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला. आत भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी विचारलं, भीती वाटते का? मी म्हटलं, "तुमच्या हातात देऊन मी झोपणार. जागं तुम्हाला राहायचंय, भीती तुम्हाला वाटायला हवी." त्या मास्कच्या आत हसल्या. मग म्हणाल्या, आता दीर्घ श्वास घ्या. मी छाती सैल सोडली आणि तो येऊ दिला.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. आजार पुरता गेला नाही. जाईलच असं डॉक्टरही म्हणत नाहीत. गोळ्या कमी झाल्यात, तोंडाची पौर्णिमा उतरणीला लागलीये. एखाद्या संध्याकाळी पापणी पडते, तेव्हा मी ती पडू देते आणि लवकर झोपते. बडोद्याच्या उन्हाळ्यात शक्ती अर्ध्यावर येते, म्हणून दुपारी पडदे ओढून पडून राहते आणि त्याची लाज वाटून घेत नाही. रमिलाबेन कधी फोन करतात, आपल्या शेतातली वांगी पाठवतात. त्यांना अजूनही वाटतं की त्यांनी काही केलं नाही.

सकाळी जाग आली की पहिली गोळी घ्यायच्या आधी मी थोडी पडून राहते. त्या वेळी अंगात कालच्या औषधाचा जोर उरलेला नसतो, नव्याचा आलेला नसतो. जे काही असतं ते निव्वळ दिलेलं असतं. खिडकीबाहेर सोसायटीतल्या स्कूटरी सुरू होत असतात, स्वयंपाकघरात ह्यांची खुडबुड चाललेली असते. आणि श्वास येतो. मी बोलावत नाही, ओढत नाही. तो येतो, थांबतो, जातो, आणि मी काही न करता पुन्हा येतो. "श्वास घेतला" असं म्हणायची जन्माची सवय आहे, ती एकदम सुटत नाही. पण त्या अंथरुणात, डोळे उघडायच्या आधी, मी तसं म्हणत नाही. मी म्हणते, मिळाला.